चेटकाआडची भाऊबंदकी

महोदय,

रविवार पुरवणीतला सालेमच्या चेटकीण खटल्यांवरचा लेख वाचला. १६९२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या वसाहतीत १९ जण फासावर गेले आणि जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं, याचं सगळं खापर लेखकाने अंधश्रद्धेवर फोडलं आहे. मी भूकरमापक म्हणून नोकरी केली, त्यामुळे असेल, पण मला तिथे आधी बांध दिसतो.

सालेम गावातले पटनम घराण्यातले लोक शेजारच्या टॉप्सफील्डकरांशी हद्दीवरून, लाकूडतोडीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. टॉप्सफील्डच्या टाउन घराण्यातल्या रेबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस या तिन्ही बहिणींवर चेटकाचा आळ आला. पहिल्या दोघी फासावर गेल्या. पटनमांच्या घरातली कथा तर आपल्या दिवाणी कोर्टातलीच वाटावी. थोरला थॉमस पटनम १६८६ मध्ये वारला, तो मालमत्तेतला उत्तम भाग दुसरी बायको आणि तिचा मुलगा जोसेफ यांना देऊन. पहिलीच्या मुलांनी मृत्युपत्राला हरकत घेतली, चालली नाही. वर जोसेफने सोयरीक केली ती पोर्टरांशी, म्हणजे विरोधी गटाशी! पहिलीचा मुलगा धाकटा थॉमस. त्याची १२ वर्षांची ॲन 'अमकी मला छळते' म्हणून किंचाळू लागली आणि फिर्यादींवर सह्या करायला बाप हजर. कोर्टही असं, की आरोपीची भुतासारखी आकृती फक्त छळ होणाऱ्यालाच दिसे आणि तोच पुरावा. आम्ही साधी मोजणी करायची तरी लगतच्या खातेदारांना नोटीस काढायचो.

अर्थात सगळंच बांधावर ढकलता येत नाही. सारा गुड दारोदार मागून खाणारी, तिचा कसला बांध? आणि ७१ वर्षांच्या रेबेकासाठी ३९ शेजाऱ्यांनी अर्ज केला, त्यात पोर्टर होते तसे काही पटनमही होते. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. न्यायाधीशांनी फेरविचाराला लावलं आणि निकाल फिरला.

१७०६ मध्ये ॲनचा माफीनामा चर्चमध्ये वाचला गेला. राग, द्वेष मनात नव्हता, सैतानाने भुलवलं, असं तिचं म्हणणं. त्यात तिने नाव घेतलं ते रेबेका नर्सचं, आणि पुढे जोडलं: तिच्या दोन बहिणी.

– एक निवृत्त भूकरमापक, सातारा