शनिवारची गोधडी बैठक: येताना काय आणायचं

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्या जागी बसू. या वेळी बाळाची छोटी गोधडी सुरू करायची आहे.

प्रत्येकीने एक जुनी सुती सहावारी आणावी. तिची चार पदरी घडी केली की साधारण साडेचार फूट बाय साडेतीन फूट होते, म्हणजे वेगळं काही कापावं लागत नाही. साडी वापरून मऊ झालेलीच हवी. नव्या कापडाची खळ आणि घट्ट वीण सुईला दमवते. सिंथेटिक मात्र नको: ते टाक्याखाली सरकतं, शिवाय धुतल्यावर सूत आटतं आणि ते आटत नाही, मग गोधडीला फुगे येतात. मागच्या वेळी माझ्या गोधडीचा एक कोपरा असाच बिघडला, दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. जरीचे काठ घरीच काढून ठेवा, बाळाला टोचतात.

आधी थर सरकू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके, मग कडेपासून आत धावदोरा, म्हणजे खाली-वर जाणारा साधा टाका. टाके वाकडे आले तरी उसवू नका. आजीच्या गोधडीवर तिचा हात ओळखू येतो तो त्या टाक्यांमुळेच.

जाड सुई, सुती दोरा, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) आपापलं आणा. घरी रोज वीस मिनिटं, दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ. नवीन कुणाला यायचं असेल तर खुशाल घेऊन या. शिवणाची सवय नसली तरी चालेल. सतरंज्या आहेत, ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मांडून ठेवू.