किर्लोसपासून किर्लोस्करवाडीपर्यंत

प्रिय मित्रा,

‘गाव कुणी वसवत नाही, ते आपसूक वसतं’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य चार दिवस डोक्यात घोळतंय. आपल्याकडच्या बहुतेक गावांना ते लागू आहे. पांढरीत घरं, काळीत शेतं, वेशीजवळ मारुती आणि नाव एखाद्या वडा-पिंपळाचं किंवा देवाचं. ते ठेवलं कुणी, हे विचारायची सोयच नाही.

पण सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचं काय म्हणशील? 1910 पर्यंत तिथं कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं आणि पुढं सगळा माळ. रेल्वेवाल्यांची पद्धत तुला ठाऊकच आहे, गाव रुळापासून लांब असलं की त्याच्या नावापुढं ‘रोड’ लावायचं. म्हणजे त्या जागेला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, कुंडलचं उसनं घेतलेलं!

लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा बेळगावात लोखंडी नांगर करत होते. रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडावी लागलेला हा माणूस. लोखंडानं जमीन नासते, या समजुतीपायी पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कारखान्यासाठी या स्टेशनाजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी. जमीन कसली रे, निवडुंग माजलेला आणि त्यात नागांचा सुळसुळाट. मला सगळ्यात नवल वाटतं ते पहिल्या माणसांचं. बेळगावसारखं भरलं शहर सोडून बायकापोरांसह या माळावर यायचं, हे कुठल्या भरवशावर? कारखान्याच्या छपराआधी निवडुंग तोडायचा, पाण्याची सोय बघायची. वसाहतीची आखणी थोरले बंधू रामुअण्णांनी सांभाळली. आणि राखणीला कोण, तर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगलेली माणसं! ती पुढं वाडीची भरवशाची माणसं झाली. माझ्या लेखी गाव वसलं ते त्या दिवशी. परक्याच्या हाती आपलं दार सोपवून झोपता आलं, की वस्तीचं गाव होतं.

आता नावाचं सांगतो, पत्र लिहायला बसलो ते त्यासाठीच. किर्लोस हे कोकणातलं, मालवण तालुक्यातलं गाव. तिथले ते किर्लोसकर, पुढं किर्लोस्कर. गाव सुटलं तरी आडनावानं ते धरून ठेवलं. लक्ष्मणराव तर जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. मग ते आडनाव देशावरच्या या माळावर आलं आणि त्याचं पुन्हा गाव झालं. गावाचं आडनाव, आडनावाचं गाव! आणि त्यातही ‘नगर’ किंवा ‘पूर’ नाही, ‘वाडी’. चार घरांच्या वस्तीला आपण म्हणतो तो साधा शब्द. मला तो फार आवडतो. कारखान्याचं नाव पुढं कितीही मोठं झालं तरी गाव वाडीच राहिलं. स्टेशननंही मग कुंडलचं नाव सोडून हेच घेतलं.

तेव्हा तुझं वाक्य अर्धंच खरं. काही गावं घाम गाळून, ठरवून वसवलेली असतात.

तुझ्याही आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. त्याच्या आधीचं गाव कुठं आहे, कधी शोधलंस? आईंना विचार, त्यांना माहीत असेल. सापडलं तर कळव, आपण दोघं जाऊन येऊ.

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती