बाबा आणि छोट्याच्या भांडणावर

आन्सी, फ्रान्स
रविवार, 1 जून 2025

प्रिय आई, बाबा आणि छोट्या,

प्रभू येशूची स्तुती असो.

परवाचा अर्धा फोन कूलरच्या आवाजात गेला, पण कळायचं ते कळलं. बाहेर नवतपा, आणि घरात त्याहून जास्त तापून राहिलं. छोट्याला मंडळातल्या पोरांसोबत नागपूरच्या सदर आणि गिट्टीखदानात येशूची पत्रकं वाटायची आहेत. बाबांचं म्हणणं, काही वाटायचं नाही, आपण आपलं नीट वागावं, लोकांना दिसतं. फोनवर दोघंही मला पंच करता आणि दोघंही बोलू देत नाही. म्हणून लिहून पाठवते. आई, हे मोठ्यानं वाचून दाखव.

आधी बाबा. तुमचं व्हॉट्सॲप स्टेटस पाहिलं. असिसीच्या संत फ्रान्सिसचं चित्र, खाली ‘सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’. बाबा, हे वाक्य त्यांच्या लिखाणात कुठेच नाही, त्यांच्या जुन्या चरित्रांतही नाही. तो माणूस तर गावोगाव उपदेश करत फिरला. वागणं आधी हवं हे कबूल. पण कोणी तोंडानं विचारलं तरी आपण हसून विषय बदलायचा, याला साक्ष नाही म्हणत. गुरुवारी इथे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी होती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लूकच्या शुभवर्तमानातलं तेच वाचन: ‘तुम्ही या गोष्टींचे साक्षी आहात.’ साक्षीदाराला कधीतरी बोलावंच लागतं ना!

आता छोट्या. तू आपल्या कॅथेड्रलच्या संताचा दाखला देतोस, म्हणून त्यांच्याच गावातून उत्तर देते. संत फ्रान्सिस द सेल्स यांची समाधी इथल्या टेकडीवरच्या बॅसिलिकात आहे. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ फादर मेर्मिए यांनी 1838 मध्ये याच आन्सीत काढला. त्यातले फादर 1846 मध्ये विशाखापट्टणमला पोहोचले, तिथून पुढे कामठी आणि नागपूर. बाबांची शाळा 1870 ची, आपला धर्मप्रांत 1887 चा, दोन्ही त्या संघाच्या कष्टातून. म्हणजे आपल्या घरातला विश्वास या आन्सीच्या तळ्याकाठून चालत आलेला आहे. इकडच्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते थक्क होतात, कारण नागपूर त्यांनी नकाशावरही पाहिलेलं नसतं.

हो, फ्रान्सिसनी पत्रकं वाटली. 1594 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ते शाब्लेच्या भागात गेले. तिथले लोक सुमारे साठ वर्षांपासून प्रोटेस्टंट, तोनों शहरात यांचं प्रवचन ऐकायला मोजून चार डोकी यायची. रात्री जीव सांभाळायला आलँजच्या किल्ल्यात मुक्काम, सकाळी पुन्हा पायी शहरात. लोक येत नाहीत म्हणून त्यांनी कागदांवर लिहून ते घरोघर पोहोचवले, दाराखालून सरकवले असं इकडे सांगतात. पण पुढची गोष्ट तुझे मित्र विसरतात. ते लिहून पळाले नाहीत. वर्षानुवर्षं तिथेच राहिले, शिव्या खाल्ल्या, आणि उलट शिवी दिली नाही. त्यांच्या पाठीशी तिथल्या शासकाची, सव्हॉयच्या ड्यूकची, सत्ता होती हेही खरं. तेव्हा सगळं त्यांच्या गोडव्यानंच झालं असं मी म्हणणार नाही.

मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. मार्टिन नावाचा एक कर्णबधिर माणूस होता. त्याला धर्मशिक्षण कसं द्यायचं ते कोणाला कळेना. बिशप असलेले फ्रान्सिस त्याच्यासोबत बसले, हातवाऱ्यांची भाषा बसवली आणि त्याला शिकवलं. म्हणून ते कर्णबधिरांचेही आश्रयदाते संत मानले जातात. एका माणसासाठी एवढा वेळ! तुमच्या गठ्ठ्यात किती पत्रकं आहेत रे?

तू म्हणशील, ताई घाबरली. तसं नाही. घटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहेच. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आणि कोर्टाच्या आधी, 1965 मध्येच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, आपल्याला बजावलंय की कोणावर जबरदस्ती नको, आमिष नको, गरीब आणि अशिक्षित माणसाच्या बाबतीत तर जास्तच जपा. पत्रक गुन्हा नाही. पण सध्याच्या हवेत अनोळखी पोरानं हातात कोंबलेल्या कागदातून समोरच्याला येशू दिसत नाही, संशय दिसतो. आणि त्या संशयाचा त्रास सिस्टरांच्या दवाखान्याला होतो, तुला नाही.

मग करायचं काय? आईनं केलं ते. एप्रिल 2021 आठवा. नागपुरात बेड नव्हते, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फिरत होते. आई बिल्डिंगमधल्या आजारी घरांच्या दारात डबे ठेवून यायची. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून विचारलं, ‘तुम्हाले भीती नाही वाटत का हो?’ आई म्हणाली, ‘वाटते ना बाई. म्हणून तर सकाळी मोबाईलवर मिस्सा ऐकतो, मंग पोळ्या लाटतो.’ बस. विचारलं तेवढ्याचं उत्तर, पण खरं आणि येशूला न लपवता. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच आहे: तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदरानं. काकू आजही चतुर्थीला टेकडीच्या गणपतीला जातात, आणि नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या दिवशी आईकडे मेणबत्तीचे पैसे देतात. आईनं त्यांना कधी ‘पुढे काय ठरवलं?’ असं विचारलं नाही.

इकडे धर्माचं नाव काढलं की लोक कावरेबावरे होतात. मात्र शुक्रवारी मांस टाळायची जुनी कॅथलिक प्रथा, म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये त्या दिवशी मासे ठरलेले. विश्वास गेला, मासे राहिले. उपवासकाळात मी गोड सोडलं होतं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, ‘डाएट का?’ मी म्हटलं, नाही, ईस्टरची तयारी, वाचलेले पैसे दान करते. ती गप्प बसली. मलाही वाटलं, झालं, आता ही जपून बोलणार. पंधरवड्यानंतर तिची आजी गेली तेव्हा ती माझ्याकडे आली: ‘तू प्रार्थना करतेस ना, माझ्या आजीसाठी करशील?’ मी म्हटलं, तूही चल. आम्ही जेवणाच्या सुट्टीत चर्चमध्ये गेलो, मी मराठीतच ‘नमो मारिये’ म्हटलं, कारण फ्रेंचमध्ये अजून अडखळते. तिनं अर्थ विचारला, तो सांगितला. ती काही मिस्सेला येऊ लागलेली नाही. येईल असं गृहीत धरून मी तिच्याशी मैत्री करत नाही.

आणि तरी माणसं येतात. या ईस्टरला फ्रान्समध्ये 10,384 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, मागच्या वर्षी ते 7,135 होते. चर्च रिकामी म्हणून आई हळहळते ना, तिला हा आकडा सांगा. यातलं कोणी एका रात्रीत आलेलं नाही. आधी प्रवेशविधी, मग महिनोन्‌महिने शिकवण, उपवासकाळाच्या सुरुवातीला बिशपांसमोर नाव पुकारणं, आणि शेवटी ईस्टरची रात्र. बहुतेकांना दोनेक वर्षं लागतात. घाई चर्चलाच नाही.

छोट्या, आई म्हणाली, पोप फ्रान्सिस गेले आणि नवे पोप निवडले तेव्हा टीव्ही पाहून काकूंच्या नातवानं तुला विचारलं होतं, पोप म्हणजे कोण, आणि पांढरा धूर कशाचा. तू त्याला यूट्यूबची लिंक पाठवलीस. अरे, पत्रकांसाठी अनोळखी दारं शोधून राहिला तू, आणि हा पोरगा स्वतः जिना उतरून आला! त्याच्या आईला विचारून त्याला कॅथेड्रल दाखवून आण. उत्तरं येणार नाहीत ती फादरना विचार. येताना सदरातच कुल्फी खा दोघं, पैसे मी टाकते.

बाबा, तुम्ही स्टेटस बदला. आई, औषधं वेळेवर घे, आणि दुपारच्या उन्हात सीताबर्डीला जाऊ नको. पुढच्या रविवारी पेन्टेकॉस्टचा सण, तुमची मिस्सा आटोपली की फोन करते.

तुमची लेक आणि छोट्याची ताई