त्या अनोळखी नाचणाऱ्यांचे आभार

२५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन गेला. वय अवघं ५०. माझ्या पायांना नाचायला त्यानेच लावलं होतं, त्यामुळे घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. तेव्हा ज्यांनी सावरलं त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

चौकात स्पीकर लावून 'बिली जीन'वर नाचणाऱ्यांनो, कडेला रडत उभ्या असलेल्या मला तुम्ही हाताला धरून आत ओढलंत. काही विचारलं नाहीत. तुमच्यातल्या एका ताईंनी तर मूनवॉक उलगडून दाखवला: सगळा भार टाच उचललेल्या पायाच्या चवड्यावर, आणि मागे सरकतो तो सपाट टेकलेला, हलका पाय. लहानपणापासून मी ती चाल गिरवत आले, पण इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. १९८३ साली त्याने ती टीव्हीवर केली आणि जग वेडं झालं. खरं तर त्याच्याआधीही नाचणारे ती करत होते, तोही इतरांकडूनच शिकला होता.

पाण्याची बाटली हातात देणाऱ्या दादांचे, उशिरापर्यंत सोबत थांबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. माझा नाच सुटला नाही, तो तुमच्यामुळे.