घोडा नाचवणं आणि ड्रेसाज

महोदय,

आपल्या क्रीडापानावरच्या टिपणात ड्रेसाज (घोडेस्वारीचा ऑलिंपिकमधला एक प्रकार, स्वाराच्या खुणेवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायच्या) म्हणजे ‘घोडे नाचवण्याचा श्रीमंती षौक’ असं म्हटलं आहे. श्रीमंती, हे कबूल. घोडा पोसायचा तर खिसा जड हवाच. पण नाचवणं? आम्ही सारंगखेड्याच्या बाजूचे. दत्तजयंतीच्या यात्रेत नाचरे घोडे लहानपणापासून बघत आलोय. तिथे ढोल वाजतो, समोर छडी हलते, मालक हाकारे घालतो, तेव्हा कुठे घोडा खूर उचलतो. ड्रेसाजमध्ये उलट आहे. स्वाराची खूण परीक्षकाच्या डोळ्यांवर आली की गुण गेलेच. घोडा जागच्या जागी दुडकी धरतो (तिला पियाफ म्हणतात) आणि वरची बाई नुसती बसल्यासारखी दिसते.

ती खूण मुख्यतः जाते पोटरीतून आणि बैठकीतून. म्हणूनच डेन्मार्कच्या लिस हार्टेल मला विसरता येत नाहीत. १९४४ साली, वयाच्या २३व्या वर्षी, पोटात बाळ असताना त्यांना पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मलं, पण आईचे पाय गुडघ्याखाली कायमचे लुळे पडले. टाच द्यायची सोयच राहिली नाही. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. तरी मांड सुटली नाही. कमरेचा तोल, पाठीचा किंचित कल, मांड्यांचा दाब, एवढ्यावर त्यांनी घोडीशी नवी भाषा जमवली.

ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत तोवर बायकांना मज्जाव होता. १९५२ला हेलसिंकीत ड्रेसाजचं दार उघडलं आणि पहिल्याच खेपेला हार्टेलबाईंनी रौप्य नेलं, तेही पुरुषांच्या बरोबरीने खेळून. पदक घ्यायला चौथऱ्यावर चढताना त्यांना हात दिला सुवर्णविजेते स्वीडनचे आँरी सँ सिर यांनी. १९५६ला पुन्हा रौप्य, पुन्हा सँ सिर यांच्याच मागे.

आजही या खेळात बायकांचा वेगळा गट नाही. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्याला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं, त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग होत्या.

एक विनंती. पुढच्या वेळी निकाल छापताना स्वाराबरोबर घोड्याचंही नाव द्यावं. हार्टेलबाईंच्या घोडीचं नाव ज्युबिली होतं.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)