शेजारच्या आजींचं लाल पाकीट

बर्मिंगहॅम, १८ मे

ती. बाबांस सा. न.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, चर्चवाले गरिबांना मदत करतात ती शेवटी धर्म वाढवायलाच ना? तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय राहून गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

परवा शेजारच्या आजी ख्रिश्चन एड या चर्चच्या मदतसंस्थेचं लाल पाकीट घेऊन दारात उभ्या. १९५७ पासून मे महिन्यात इथल्या चर्चमधली माणसं दारोदार फिरून जगभरातल्या गरिबांसाठी पैसे गोळा करतात. ही संस्था मदत करताना कुणाचा धर्म विचारत नाही. मदतीला धर्मांतराची अट घालणारेही जगात आहेत, त्यामुळे तुमचा संशय अगदीच निराधार नाही. पण त्या दिवशी आजींनी जे सांगितलं, ते तुम्हाला कळवायलाच हवं.

१६ मे १९९८. याच शहरात जी-८ म्हणजे आठ बड्या देशांच्या गटाची शिखर परिषद भरली होती, आणि सुमारे ७०,००० माणसांनी हातात हात धरून शहराच्या मध्यभागी साखळी केली. आजी त्या साखळीत होत्या. मागणी एकच: गरीब देशांवरचं न फिटणारं कर्ज माफ करा. मोहिमेचं नाव होतं ज्युबिली २०००. ते आलं बायबलमधल्या योबेल वर्षावरून. दर पन्नासाव्या वर्षी हातची गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत करायची आणि गरिबीपायी स्वतःला विकावं लागलेल्यांना मोकळं करायचं, असं लेवीय पुस्तकात सांगितलंय. देवळात बसून ऐकायची गोष्ट म्हणून नाही, तर कायदा म्हणून!

आजींचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं पाकिटं भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण एका हाताने देतोय आणि आपल्याच देशातले सावकार दुसऱ्या हाताने हप्ता वसूल करतायत. मग नुसतं दान करून मनाला समाधान कसं वाटणार? बाबा, मला हे फार मोठं वाटतं. दान देणारा वरच्या पायरीवर राहतो. ही माणसं ती पायरीच चुकीची आहे असं म्हणाली, आणि तेही स्वतःच्या सरकारला.

त्याचं फळही मिळालं. २००५ मध्ये जी-८ ने अशा कर्जात बुडालेल्या गरीब देशांचं जागतिक बँक आणि नाणेनिधीकडचं कर्ज माफ करायचं ठरवलं. आफ्रिकेतल्या झांबियाचं ओझं हलकं झालं आणि एप्रिल २००६ मध्ये तिथल्या खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांतली फी बंद झाली. तापलेलं मूल घेऊन येणाऱ्या आईला आता आधी पैसे मोजायला नकोत.

पण सावकारी अशी सरत नाही. १९७९ मध्ये झांबियाने रोमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं उधारीवर घेतली होती. ते कर्ज १९९९ मध्ये एका कंपनीने सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतलं आणि लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७ मध्ये झांबियाला सुमारे दीड कोटी डॉलर भरायला लावले गेले. हे सांगताना आजींचा आवाज चढला होता. पुढे चर्चवाल्यांनी आणि इतर संघटनांनी लावून धरलं, तेव्हा २०१० मध्ये ब्रिटनने अशा दाव्यांना लगाम घालणारा कायदा केला.

तो कायदा जुन्या कर्जांपुरता. नवी कर्जं बऱ्याच अंशी खासगी सावकारांची, आणि त्यांतले पुष्कळ करार इंग्लंडच्याच कायद्याखाली झालेले. झांबियाचे हप्ते २०२० मध्ये पुन्हा थकले. कर्जमाफीत खासगी सावकारांनाही सामील व्हायला लावणारा कायदा करा, अशी आता मागणी आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०२५ च्या ज्युबिली वर्षाच्या सुरुवातीला कर्जमाफीचं आवाहन केलं होतं.

पाकिटात मी पैसे घातलेच. आजी म्हणाल्या, खासदाराला पत्रही लिही. भारतीय नागरिक असूनही मला इथे मतदानाचा हक्क आहे, तेव्हा त्याला माझं ऐकावंच लागेल. येत्या रविवारी चर्चच्या सभागृहात बसून आम्ही मसुदा करणार आहोत. झाला की तुम्हाला वाचून दाखवीन. तुमची भाषा माझ्यापेक्षा धारदार आहे, काय राहिलं ते सांगा.

आईला नमस्कार.

तुमचा,
सुहास