पितृदोषाची भीती घालणं थांबवा

मा. संपादक,
स.न.

भाद्रपद जवळ आला की व्हॉट्सअपवर मेसेज सुरू होतात, लग्न जमत नाही, नोकरी टिकत नाही, मूल होत नाही, कारण काय तर पितृदोष, म्हणजे पितर अतृप्त राहिल्याचा दोष, आणि खाली लगेच पूजेचं पॅकेज. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने वडील गेल्यावर असाच कर्ज काढून मोठा विधी केला, कोणीतरी फोनवर पत्रिका बघून सांगितलं होतं की वडिलांना गती मिळाली नाही. ज्याने अंथरुणाला खिळलेल्या बापाचं शेवटपर्यंत सगळं केलं त्याला हे ऐकवायचं? फार संताप येतो.

श्राद्धाला माझा विरोध नाही, आमच्याकडे दरवर्षी होतं आणि होत राहील. पण कुठला विधी कशासाठी हे तरी लोकांना सांगा ना. नारायणबळी हा अपघात, आत्महत्या अशा दुर्मरणासाठी, नागबळी हातून नाग मारला गेला असेल तर, आणि त्र्यंबकेश्वरला हे दोन्ही मिळून तीन दिवस चालतात. त्रिपिंडी श्राद्ध सांगतात ते सलग तीन वर्षं श्राद्ध चुकलं असेल तर. ज्यांच्या घरी तिथीला पान वाढलं जातं, कावळ्यासाठी काकबळी, गाईसाठी गोग्रास निघतो, त्यांच्या गळ्यात हे सरसकट का मारायचं? तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे, सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी आहे, सगळी सोय आधीच करून ठेवलीय.

आणि पैसे नसतील तर? विष्णुपुराणात त्याचंही उत्तर आहे, ऐपत नसेल तर थोडे तीळ आणि पाणी द्यावं, नाहीतर गाईला चारा घालावा, तेही जमलं नाही तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि म्हणावं की माझ्याकडे धन नाही, पितरांनो, माझ्या भक्तीनेच तृप्त व्हा. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना गरिबाला कर्जात का ढकलताय?

नाशिक-त्र्यंबकला नीट संकल्प सांगून, घाई न करता विधी करणारे गुरुजी खूप आहेत, त्यांनीच आता पुढे येऊन बोलायला हवं, आणि कुठल्या विधीची दक्षिणा किती याचे बोर्ड नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकच्या कुशावर्तावर लावायला हवेत. आपल्या पेपरनेही पितृपंधरवड्याच्या आधी जाणकारांकडून अर्धं पान तरी माहिती छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक